मधलं घर

भिंतीला पोट आलं होतं. कौशल्याबाईनं सारवणाचा हात फिरवला तेव्हा तिला ते तळव्याला लागलं. मागच्या वर्षी नुसती ओल होती, डोळ्यांना दिसायची आणि उन्हाळ्यात विरायची. आता कमरेच्या उंचीवर भिंत सरळ पुढे आली होती, आणि पोपडा बोटानं दाबला की आतून भुसभुशीत माती गळत होती. बाहेर वैशाखाचं ऊन सकाळीच अंगाला चावत होतं आणि ही भिंत मात्र अजून गार.

"आरती, इकडं ये वं. हात लावून पाय."

सून आली. पदराला हात पुसून तिनं भिंत दाबून पाहिली. ती तिवशाची, माहेरी सिमेंटचं घर. मातीच्या भिंतीशी तिची अजून पुरती ओळख व्हायची होती.

"आई, हे तं पुढं आलं."

"दोन पोटं वाढून राह्यली आपल्या घरची," कौशल्याबाई म्हणाली. "एक प्रणालीचं अन् एक हे. प्रणालीचं आखाडात मोकळं होईन. याचं त्याच्या आधी नको व्हाले."

प्रणाली ही लेक, चांदूर बाजारला दिलेली. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरीच. आणि घरात बाळंतिणीची खोली म्हणावी अशी ही एकच होती. वारा न लागणारी, चुलीच्या धुरापासून दूर, भिंतीला खाट लावता येणारी. ती भिंत आता खाटेवर यायला निघाली होती.

ओसरीवर भगवंतराव गुडघ्याला एरंडाचं पान बांधून फावड्याचा दांडा ठोकत बसले होते. गुडघे गेल्यापासून त्यांना शिडी चढता येत नव्हती, म्हणून ते हत्यारांची निगा जास्तच राखत. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं.

"धाब्यावरून पाणी मुरून राह्यलं," ते म्हणाले. "मधल्या घराच्या."

"हे मले ठाऊक नाई का?" कौशल्याबाई म्हणाली.

गव्हाणखेडच्या त्या गल्लीत घरं तीन आहेत, पण धाबं, म्हणजे वरचं मातीचं सपाट छत, एक. तिन्ही घरांच्या आजोबांनी एकाच उन्हाळ्यात ती बांधली. एकानं सागवान आणलं, एकानं बैल आणि गाडी दिली, तिसऱ्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त म्हणून त्यानं हात दिले. तीन घरांना आडव्या भिंती चार, त्यातल्या मधल्या दोन कोणा एकाच्या नाहीत. त्यांच्यात दोन्ही बाजूंच्या कड्या, छत पेलणारी आडवी लाकडं, रुतलेल्या आहेत. पावसाच्या आधी दर साली धाब्यावर पांढरी माती टाकायची ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, तिन्ही घरच्या माणसांनी मिळून. मधे कोणी रेघ ओढली नव्हती. पाणी रेघ पाहून थांबत नाही, एवढी अक्कल त्या आजोबांना शाळेत न जाताही होती.

डावीकडचं घर भगवंतरावांचं. उजवीकडचं पुंजाजीचं, बायको गेलेली, मुली दिलेल्या, जीभ तेवढी शाबूत. मधलं घर बापूसाहेब मास्तरांचं. मास्तर गेले, त्यांच्या सरोजिनीबाई मुलाकडे अकोल्याला गेल्या, आणि मुलानं, केदारनं, घर विकून टाकलं. केदार वाईट माणूस नव्हे. त्याला आपलं घर विकायचं होतं, त्यानं विकलं. त्याबरोबर आपण शेजाऱ्यांच्या दोन भिंतीही विकतो आहोत हे त्याच्या डोक्यातच आलं नसेल. मास्तरांनी गावच्या इतक्या पोरांना शिकवलं, त्यात घरच्याला एवढं सांगायचं राहून गेलं.

घर अकोटच्या अनुपनं घेतलं. गावाजवळून मोठा रस्ता जाणार अशी हवा होती, आणि हवेवर भाव चढतो. अनुपनं ते परतवाड्याच्या कोणाला दिलं, त्यानं आणखी कोणाला. तीन उन्हाळ्यांत घर तीनदा विकलं गेलं म्हणतात, आणि दाराचं कुलूप एकदाही निघालं नाही. धाब्यावर गवत उगवलं, पिंपळाचं रोप आलं. घर खचत होतं आणि भाव चढत होता. कौशल्याबाईला कापसाचा बाजार माहीत होता. तिथे भिजलेल्या मालाचा भाव उतरतो. हा बाजार कोणता ते तिला उमजत नव्हतं.

मागच्या साली तिनं कोणाला न विचारता मधल्या धाब्यावर चार टोपली माती टाकली होती. तिसऱ्या दिवशी अनुप गाडी घेऊन आला. पोरगा गोड बोलणारा. ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, तुमी माती टाकता, उद्या म्हनान आमीच हे घर पाह्यत होतो, आमचाच ताबा हाये. असं लय ठिकाणी झालं. वाईट नोका मानू, पन धाब्यावर चढू नोका." गल्लीतली चार माणसं ऐकत उभी होती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतातलं बोंड न उचललेल्या बाईला घर गिळणारी ठरवून तो गेला. जाताना दारावर पत्रा ठोकून गेला, मालमत्ता खाजगी आहे म्हणून. त्या पावसात पाणी मधल्या धाब्यावर साचलं आणि वाट मिळेल तिकडे गेलं.

पांढरी माती गावाबाहेरच्या टेकाडावर मिळते. कौशल्याबाई आणि आरती दोघी दिवस उजाडताच बैलगाडी घेऊन गेल्या. खणायचं, ढेकळं फोडायची, चाळायची, टोपल्यानं गाडीत टाकायची. माती पिठासारखी बारीक. नाकातोंडात जाते, घामात बसते, आणि मग ओठ चाटला तरी खारट लागतो. आरतीचे हात पहिल्याच दिवशी सोलले. तिनं सांगितलं नाही, पण भाकरी थापताना सासूला दिसलं.

"गोपाल कुठी असते दिवसभर?" कौशल्याबाईनं विचारलं. "जिनिंग तं बंद झाली."

"अकोटले जातो म्हनतात. काम हाये म्हनतात."

गोपाल, तिचा मुलगा आणि आरतीचा नवरा, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. हंगाम सरला की उन्हाळाभर मोकळा. पण सकाळी केस विंचरून मोटरसायकलला टांग मारून जायचा आणि दिवेलागणीला यायचा.

त्या दिवशी तो जेवायला लवकर आला. भगवंतरावांनी भिंतीचं सांगितलं. गोपालनं उठून भिंत पाहिली, हात मात्र लावला नाही.

"टेकू देऊन देऊन किती देसान?" तो पानावर बसत म्हणाला. "मी सांगू का? इकून टाका. अनुप आपलंबी घेते. दोन घरं जोडून लय भाव येते. अकोटले फ्लॅट घेऊ. प्रणालीचं बाळंतपण तिथं करू, दवाखाना जवळ. आरतीलेबी बरं."

आरतीनं मान वर केली नाही. फ्लॅट तिला हवाच होता; नळ, फरशी, न गळणारं छत. यात खोटं काय बोलायचं?

"अन् पुंजाजी?" कौशल्याबाईनं विचारलं.

"त्याचं काय?"

"आपलं अन् मधलं, दोन घरं पाडली का त्याची एक भिंत उघडी पडते. कड्या लोंबतात. तो त्याखाली झोपते."

"त्यानंबी इकावं मंग."

"त्याले नसन इकाचं तं?"

"आई, मास्तरच्या केदारनं आपला इचार केला का?"

"नाई केला. म्हनून तं मले समजलं, नाई केलं तं काय होते." तिनं त्याच्या ताटात वरण वाढलं. "हे पाय, कापूस इकतो, तूर इकतो. ते दरसाली पिकते. घर इकू नये असं नाई म्हनत मी. ज्याले राह्याचं त्याले इका. पन ज्याले राह्याचंच नाई, नुसतं दाबून ठेवाचं हाये, त्याच्या हाती आपलं घर अन् दुसऱ्याची भिंत काहून द्याची?"

"तू जुन्या काळात हायेस."

"असन. भिंत आत्ताची हाये."

भगवंतराव मधे पडले. "जेवू द्या बाप्पा. अन्नावर भांडू नये."

जेवणं झाली. पण कौशल्याबाईच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. धाब्यावर चढायचं, आणि चोरून नाही, मालकाला विचारून. मागच्या सालचा चहा तिच्या पोटात अजून सलत होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी यष्टीनं अकोटला गेली. अनुपचं ऑफिस शोधायला वेळ लागला नाही. लोक बोटानं दाखवत होते. काचेचं दार, आत थंड हवा. तिनं चपला बाहेर काढल्या आणि पायांना लागलेली पांढरी माती पदरानं पुसली, तरी फरशीवर पावलं उमटलीच. तिथला नोकर पोरगा लगेच फडकं घेऊन आला आणि तिच्या मागून पुसत गेला. तिला वाटलं, परत फिरावं. ती फिरली नाही.

समोरच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. रंगीत चौकोन, प्रत्येकावर आकडा. तिला बराच वेळ बसवून ठेवलं. मग अनुप आला आणि चांगला बोलला. पाणी दिलं.

"काकू, मी नाई म्हनत नाई, पन ते आता एकट्या मायाजवळ कुठं हाये?"

"मंग मालक कोन हाये ते सांग. मी त्याच्या दारी जातो. मले काई घर नाई पायजे त्याचं. माती टाकाची हाये. माया लेकीचं बाळंतपण हाये अन् भिंत पडून राह्यली."

"परतवाड्याच्या त्यानं ज्याले देलं होतं, त्याच्यापासून आमी भागीत वापस घेतलं. चौघं जन. मी, अमरावतीचे दोघं," अनुप सहज म्हणाला, "अन् आपला गोपालभाऊ. त्यालेच इचारा नं, तुमच्या घरात तं हाये."

कौशल्याबाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. अनुपच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो.

"तुमाले माहीत असन म्हनून बोललो," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "माहीत हाये." आणि उठली. पोरासाठी ती जन्मात अशा किती तरी वेळा खोटं बोलली असेल, एकदा आणखी.

यष्टीत खिडकीशी बसून ती तोंडावर पदर घेऊन होती. कापूस विकून तीन महिने झाले होते. पैसा व्यापाऱ्याकडे अडकला आहे असं गोपाल म्हणत होता, आणि बाप रोज त्या व्यापाऱ्याला शिव्या देत होता. तिला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त. ज्या धाब्याच्या पाण्यानं आपली भिंत फुगली ते धाबं आता आपल्याच पोराचं आहे. गाव येईपर्यंत ती रडून घेऊन मोकळी झाली. उतरली तेव्हा डोळे कोरडे होते.

घरी आल्यावर कोणाला काही बोलली नाही. सकाळी गोपाल केस विंचरून गाडी काढत होता तेव्हा ती गाडीसमोर उभी राहिली.

"गोपाल, मालक सापडला."

"कोनता मालक?"

"मधल्या घराचा. तूच हायेस."

भगवंतरावांचा हात दांड्यावर थांबला. आरती चुलीजवळून उठून दारात आली. तिलाही हे आत्ताच कळत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

गोपालनं गाडी बंद केली. "मी चोरी केली का? पैसा पडूनच राह्यला असता. वाढवून राह्यलो होतो. सगळे करून राह्यले."

"मले इचारलं काहून नाई?"

"तू नाईच म्हनली असती."

"व्हय. म्हनलीच असती."

"अन् व्यापाऱ्याले मी इतक्या शिव्या देल्या, लेका," भगवंतराव म्हणाले. "तो बिचारा उचक्या लागून लागून मेला असन." आणि ते पुन्हा खाली पाहून दांडा ठोकू लागले.

"मी तुले पैसा मागत नाई," कौशल्याबाई म्हणाली. "धाब्यावर चढाले मालकाची परवानगी पायजे होती. चार मालकांतला एक घरात हाये. दे परवानगी."

"अनुप काय म्हनन?"

"त्यानंच तुयं नाव सांगतलं. दे."

गोपाल इकडे तिकडे पाहत राहिला. "देली," तो पुटपुटला.

"मंग आता दुसरं आयक. मालकाचं धाबं बायाईनं काहून सारवावं? कपडे बदल अन् टोपलं उचल."

तो जाईल, गाडीला टांग मारून निघून जाईल, असं आरतीला वाटलं. तोही क्षणभर किल्लीशी चाळा करत उभा होता. पण आई रस्त्यातून हलली नाही आणि बाप वर पाहत नव्हता. त्यानं किल्ली आरतीच्या हातात दिली.

धाब्यावर ऊन असं होतं की माती तव्यासारखी तापलेली. कौशल्याबाईनं गवत उपटलं, पिंपळाचं रोप मुळासकट काढायला लावलं. आरती खालून टोपलं देई, गोपाल शिडीवरून घेई आणि वर नेऊन ओती. दहाव्या-बाराव्या टोपल्यात त्याची मान आखडली. काट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाठी मोजणाऱ्याची मान ती.

आवाज ऐकून पलीकडच्या शिडीनं पुंजाजी वर आला. भगवंतरावांचं घरही विकायला निघालंय अशी गावात कुणकुण होती, म्हणून तो महिनाभर या घराशी बोलत नव्हता. आताही तो बोलायला आला नव्हता, नुसता पाहायला आला होता. पण माणूस किती वेळ नुसता पाहील?

"वहिनी, परवानगी कोनाची?"

"मालकाची," कौशल्याबाईनं गोपालकडे हात केला.

पुंजाजीला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कमरेवर हात ठेवले. "असं हाये का? मंग बापा, जरा पाहून पाय टाक. घेतलेलं घर तुनं अजून पाह्यलं नसन."

गोपाल चिडला. रिकामं टोपलं फेकून तो तरातरा त्याच्याकडे निघाला, सरळ मधल्या धाब्यावरून, जिथे दोन वर्षांचं पाणी साचून गेलं होतं. तिसऱ्या पावलाला खालचं लाकूड कुजक्या भाकरीसारखं दबलं आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

तो ओरडला. पुंजाजी म्हातारा असून आधी पोचला, त्यानं पोटावर पडून गोपालच्या काखेत हात घातले. "हालू नोको. जोर नोको लावू, सगळंच जाईन." कौशल्याबाईनं दुसरी काख धरली. कडीचं टोक मांडी सोलत गेलं होतं, रक्त ठिपक्याठिपक्यानं वर आलं होतं. पाय निघेपर्यंत त्याला तसंच वाकून, भोकात तोंड घालून राहावं लागलं.

आणि तेव्हा त्याला आत दिसलं. भोकातून उन्हाचा पट्टा खाली उतरला होता तो नेमका त्यांच्या सामाईक भिंतीवर पडला होता. पलीकडून, म्हणजे त्यांच्या घरातून, त्या भिंतीला निदान रूप होतं. इकडून तिला काही उरलंच नव्हतं. पाण्यानं वरपासून खालपर्यंत घळ पाडली होती, आणि त्या घळीत लाकडांची टोकं उघडी दिसत होती. ती कोणाची ते ओळखायला त्याला वेळ लागला. त्याच्या स्वतःच्या घराच्या कड्या होत्या त्या. ज्या खोलीत तो जन्मला तिचं छत मूठभर ओल्या मातीवर टेकून राहिलं होतं.

त्याला वर ओढून काढलं. हळद भरली, फडकं बांधलं. तो धाब्याच्या कडेला पाय पसरून बसला होता.

"कुलूप तोडा लागन," शेवटी तो म्हणाला.

"किल्ली नाई का तुयाजवळ?" पुंजाजीनं विचारलं.

"नाई."

"मालक हायेस म्हने."

गोपाल उठला. लंगडत खाली उतरला, बापाच्या बाजूची पहार घेतली आणि गल्ली पाहत असताना कुलूप तोडलं.

मग कामाला खरी सुरुवात झाली. आधी दोन्ही बाजूंनी कड्यांखाली टेकू उभे केले. त्यासाठी पुंजाजीनं आपल्या गोठ्यातला निंबाचा खांब उपटून दिला. म्हैस तशीही विकली होती, म्हणाला. मग कुजलेली माती खरडून काढली. घमेल्यामागून घमेलं चिखल निघत राहिला. नवी माती भिजवून त्यात गव्हांडा, गव्हाचा भुसा, टाकला आणि तुडवायला कौशल्याबाई आणि आरती उतरल्या, लुगडं खोचून, गुडघ्यापर्यंत. आरती पहिल्यांदा घसरली तेव्हा सासूच्या खांद्याला धरून उभी राहिली. तिथून पुढे दोघी एकमेकींना धरूनच तुडवत होत्या. भगवंतराव खाली बसून चिखलाचे गोळे करून देत, गोपाल ते भिंतीत दाबून बसवी. मांडीची जखम चरचरे तेव्हा तो थांबे, दात आवळी, पुन्हा गोळा घेई. एकदा बापाच्या हातून गोळा घेताना त्यानं हात तसाच धरून ठेवला.

"बाबा, चुकलं माह्यावालं."

"गोळा धर नीट," भगवंतराव म्हणाले. "वाळला का बसत नाई मंग."

भिंत बसली. धाब्याचं भोक नव्या किलचांनी, चिरलेल्या लाकडांनी, बुजलं, वरून माती पडली. पण कौशल्याबाईचं समाधान झालं नव्हतं. ती मधल्या घरात उभी राहून वर पाहत होती.

"बंद घराले वाळवी लागते," ती म्हणाली. "धूर पायजे, केरसुनी पायजे, मानूस पायजे. नाई तं पुढच्या साली हेच."

"मानूस कुठून आनतेस?" गोपाल म्हणाला.

उत्तर आरतीनं दिलं. ती काही न बोलता घरी गेली आणि स्वतःची गादी काखेत घेऊन आली. दुसऱ्या खेपेला चुलीचे तीन दगड. प्रणाली येणार, तिला ती खोली लागणार, मग आपण कुठे झोपायचं हा विचार तिनं कधीच करून ठेवला होता. फ्लॅटचा नाद तिचा सुटला होता असं नाही. पण हातानं बसवलेली भिंत दुसऱ्याला कुलपात ठेवायला द्यायची, हे तिला आता पटत नव्हतं.

"चार दिवस," गोपाल म्हणाला.

"बरं," आरती म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.

प्रणाली आली. बाळंतिणीच्या खोलीत खाटेवर बसली, भिंतीवर पाठ टेकली, "गार लागते वं," म्हणाली. सुकत आलेल्या भिंतीचा तो गारवा होता, आता ओल नव्हती. कौशल्याबाईनं तिच्या पाठीमागे गोधडी घडी करून ठेवली.

त्याच आठवड्यात दुपारी गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. अनुप उतरला आणि त्याच्याबरोबर एक अनोळखी गृहस्थ, चष्मा, इस्त्रीचा सदरा, बोलायला सज्जन. गोपाल मधल्या घराच्या उंबऱ्यावर बसून मांडीचं फडकं बदलत होता. उघडं दार पाहून अनुप जरा थबकला, पण हसत पुढे आला. तो गोपालजवळ वाकला.

"गिऱ्हाइक पक्कं हाये," तो हळूच म्हणाला. "आज सौदा झाला तं तुया पैसा वापस, अन् वरून तेवढाच. दोन घंट्यात सामान हालव. रिकामं सांगतलं मी. रिकाम्या घराचाच भाव हाये, मानसं असले का गिऱ्हाइक पळते."

गोपालच्या हातात फडक्याचं टोक तसंच होतं. कापसाचा सगळा पैसा त्या एका होकारात परत येत होता, बापाच्या गुडघ्यांचं औषध, गाडीचे हप्ते, सगळं. कौशल्याबाई आपल्या दारात उभी होती. ती पुढे आली नाही. जे तिला करता येण्यासारखं होतं ते करून झालं होतं. आता हे त्याचं होतं, आणि ती खांबाला धरून तशीच राहिली.

पाहुण्यानं बाहेरूनच घर वरखाली पाहिलं. आत डोकावायची त्याला गरज वाटली नाही. "बाजूचंही मिळेल म्हणत होते तुम्ही," तो अनुपला म्हणाला. मग गोपालकडे वळून सहज विचारलं, "हे रिकामंच आहे ना?"

आतून आरतीच्या चुलीचा धूर दारावाटे येत होता. पाहुण्याच्या चष्म्यासमोरून तो गेला.

"नाई," गोपाल म्हणाला.

"कोण राहतं?"

"मी. मालकबी मीच हाये, अन् राह्यतोबी मीच."

पाहुणा अनुपकडे पाहायला लागला. अनुपचं हसू गेलं. "तू एकटा मालक नाईस, गोपाल. बाकी तिघं हावोत आमी. उद्या कोर्टात गेलो तं?"

"जा नं. तुमचा हक्क मी नाई म्हनत नाई." गोपाल उभा राहिला. एका पायावर भार देऊन, दाराच्या चौकटीला धरून. त्याचा आवाज चढला नव्हता. "बाकीच्या दोघाईले सांगजा. घर पाहाले या, आतून या. धाब्यावर आणखी एक थर टाकाचा हाये. आपआपल्या वाट्याची टोपली त्याईनंच वर चढवावी."

पाहुणा गाडीकडे निघालाही होता. अनुप थोडा वेळ उभा राहिला, मग त्याच्या मागे गेला. गल्लीत गाडी वळवायला जागा नव्हती, ती मागे मागेच रस्त्यापर्यंत गेली.

गोपाल खाली बसला. कौशल्याबाई आली आणि त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली.

"आई, पैसा गेला वं."

"गेला," ती म्हणाली. तिनं त्याच्या मांडीचं सुटलेलं फडकं हातात घेतलं आणि आवळून बांधलं. "दुखते का?"

"दुखते."

"दुखन," कौशल्याबाई म्हणाली. "राह्याचं हाये तं दुखनच." आणि आत आरतीला हाक मारून तिनं नव्या घरातला आपला पहिला चहा मागितला, पुंजाजीचाही धरून.